राष्ट्राध्यक्षांचं अर्धं वाक्य

लारेडो, शनिवार सकाळ

प्रिय मिरो,

तू फोन उचलणार नाहीस हे आता माझ्या डोक्यात शिरलंय, म्हणून कागद घेतला. उभ्यानेच लिहितेय, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, कारण खुर्चीत बसले की पाय आपोआप हलायला लागतो आणि टेबल थरथरतं. गेले कित्येक दिवस माझं असंच चाललंय. भांडी घासायला घेते, अर्धी घासून अंगणात जाते, मेस्कीटच्या झाडाखालच्या शेंगा वेचते, त्या तिथेच टाकून परत आत येते. आपला कुत्रा ओसो आधी प्रत्येक वेळी माझ्यामागे उठायचा. आता त्यानेही नाद सोडलाय, दारात पडून नुसते डोळे फिरवतो. तू समुद्रातल्या तेलाच्या रिगवरून कॉर्पसला परत येशील तेव्हा हे पत्र घरी आलेलं असेल असा माझा अंदाज. तोवर तिथल्या कुणी तुला तो व्हिडिओ दाखवलाच असेल, आणि 'तुझी बहीण काय वाघीण आहे रे' असंही म्हटलं असेल. तसं काही नाही. काय झालं ते माझ्याकडून ऐक, अगदी पहिल्यापासून, कारण मधूनच सांगायला घेतलं तर माझी मलाच संगती लागत नाही.

माझं काम तुला कधीच आवडलं नाही. पण ते माझ्याकडे आलं कसं, हे तू कधी विचारलंही नाहीस. रेडिओ रिबेरावर राष्ट्राध्यक्षांची भाषणं स्पॅनिशमध्ये सांगायचे ते डॉन बाल्ताझार. त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि ऐन वेळी स्टेशन चालवणाऱ्या किरोगाबाईंनी हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला. मी म्हटलं, "बाईच्या आवाजात राष्ट्राध्यक्ष? लोक हसतील." बाई म्हणाल्या, "दोन दिवस हसतील." आणि हसलेच की. कोपऱ्यावरचा गरम टमाले विकणारा मला बघून टोपी काढायचा. "या राष्ट्राध्यक्षबाई! डुकराचे देऊ की कोंबडीचे? का आधी संसदेला विचारता?" मग हळूहळू हसणं थांबलं. अशी वेळ आली की मी बँकेत रांगेत उभी राहून नुसतं "पुढे सरका" म्हटलं तरी माणसं वळून बघायची. ज्यांना इंग्रजी येत नाही अशा सगळ्या गावाला राष्ट्राध्यक्ष म्हणजे माझाच आवाज माहीत होता.

ओरडून बोलणाऱ्याचं भाषांतर सोपं असतं. त्याच्यासारखं ओरडलं की निम्मं काम झालं. हे ओरडत नाहीत. बोलायला उभे राहिले की आधी माइक जरासा खाली ओढतात, शेजारच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवावा तसा. मग म्हणतात, "मंडळी, खुर्च्या जरा जवळ ओढा." मग गव्हाच्या शेतांतलं त्यांचं गाव येतं, शाळेच्या मुदपाकखान्यात राबणारी त्यांची आई येते, तिचे पिठाने भरलेले हात येतात. आवाज खाली खाली जातो. आणि मग वाक्य सुरू होतं, "जो देश स्वतःला चांगला म्हणवतो, तो अशा माणसाला..." आणि नेमके तिथे ते थांबतात. थांबतात म्हणजे असे थांबतात की आमचा तंत्रज्ञ घाबरून तारा तपासायचा. समोरचे हजारो लोक ते वाक्य आपापल्या मनात पुरं करतात. एकाला वाटतं, जवळ घेतो. शेजारच्याला वाटतं, हाकलून देतो. दोघंही टाळ्या वाजवतात. मी त्यांना कधी खोटं बोलताना ऐकलं नाही, मिरो. खोटं बोलायलासुद्धा वाक्य पुरं करावं लागतं.

डॉन बाल्ताझार त्या जागा भरून काढायचे. पदरचे दोन शब्द घालायचे, वाक्याला शेपूट लावून द्यायचे. रेडिओवर शांतता नको, हा त्यांचा जुना धडा. मी मात्र ते थांबले की थांबायचे, पुन्हा बोलले की बोलायचे. किरोगाबाई काचेपलीकडून अंगठा वर करायच्या. याच कामासाठी माझं नाव झालं. एका शब्दाचीही भर न घालण्यासाठी.

माझ्या आवाजात भाषण लागलं की आई, आपली अमा, कशी ऐकायची ते तू पाहिलंयस. टीव्ही बंद, वडिलांचा, अपाचा, जुना रेडिओ खिडकीत, आणि ही लोकांचे शर्ट इस्त्री करत त्याच्याशी बोलतेय. "हो रे बाबा, खरं आहे." "तुझ्या आईने चांगलं वळण लावलंय हो." तू चिडवायचास, "अमा, तो राष्ट्राध्यक्ष नाहीये, ती आपली अंपारो आहे." त्यावर ती म्हणायची, "मला नको शिकवू. चिठ्ठी कुणाची आणि पोस्टमन कोण, हे मला कळतं." तू हसायचास. मीही हसायचे. तेव्हा आपण तिघं एका टेबलावर बसून हसायचो, हे आता कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

फेब्रुवारीतल्या त्या भाषणाबद्दल तू मला जे बोललास ते मी परत परत मनात घोळवलंय. ते भाषणही परत परत ऐकलंय, स्टुडिओत, गाडीत, कपड्यांच्या घड्या घालताना. ते म्हणाले होते, "वर्षानुवर्षं जे आपल्यात राहिले, आपल्या मुलांचे कपडे धुतले, आपल्या म्हाताऱ्यांना घास भरवला, आणि तरीही अंधारात उभे आहेत, त्यांना मी म्हणेन, या. दार ठोठावा. माझ्या आईच्या घरात दार ठोठावणाऱ्याला कधीही..." आणि थांबले. मीही थांबले. मग ते पाण्याच्या धरणांबद्दल बोलायला लागले. यात वचन नव्हतं. मी माइक बंद केल्याकेल्या किरोगाबाईंना म्हटलंसुद्धा, "यात वचन कुठेच नाही, बातमी देताना सांभाळा." घरी आले तर अमा कपाटातून तिचा निळा झगा काढून बसली होती. नदीपलीकडून येऊन चाळीस वर्षं राहण्याच्या कागदांशिवाय या गावात काढलेली बाई, पोलिसाची गाडी दिसली की अजूनही रस्ता बदलणारी, आणि सुईत दोरा ओवून झग्याची किनार शिवत होती.

तू त्याच शनिवारी गाडी मारत आलास. आठवतंय ना, आपण दोघं एका बाजूला आणि ती एकटी एका बाजूला. मी म्हटलं, "अमा, त्याने दार ठोठावा म्हटलं. दार उघडू असं म्हटलं नाही." ती म्हणाली, "ठोठावायला सांगणारा माणूस उघडणारच." तू म्हणालास, "अमा, मतांसाठी बोलतात ही माणसं." ती म्हणाली, "तू गप्प बस, तुला कुणाचंच खरं वाटत नाही, लहानपणी डॉक्टरचंही वाटायचं नाही." तिने आपल्याला जेवायला वाढलं, तुला जास्तीचा रस्सा घातला, आणि विषय संपला असं आपल्याला वाटू दिलं. पुढच्या आठवड्यात मी गव्हावरच्या कराचं लांबलचक भाषण सांगत होते तेव्हा ती तिच्या मैत्रिणीला, दोन्या इनेसला, बरोबर घेऊन बसने इमिग्रेशनच्या कचेरीत गेली. घरी केलेल्या बिस्किटांचा डबा नेला होता, तिथल्या लोकांना. दोन्या इनेस सांगते, ते फार नीट वागले. खुर्ची दिली, बिस्किटं खाल्ली, नाव लिहून घेतलं, आणि "जरा पलीकडच्या खोलीत बसा" म्हणाले. दोन्या इनेसचे कागद नीट होते, तिला घरी पाठवलं. अमा त्या पलीकडच्या खोलीतून निघाली ती काही आठवड्यांनी थेट नदीवरच्या पुलाच्या दुसऱ्या टोकाला, सीमेपलीकडच्या नुएवो लारेडोत.

तिला पलीकडे पाठवल्याचं कळलं त्या दिवशी दारात तू मला म्हणालास, "तो नाही बोलला. तू बोललीस. तुझ्या तोंडून ऐकलं म्हणून गेली ती. दुसऱ्या कुणाच्या आवाजात असतं तर हिने रेडिओ बंद केला असता." माझ्याकडे उत्तर होतं, खरं म्हणजे उत्तरांचा ढीग होता, पण तुझी गाडी निघून गेली. त्यानंतर मी ती उत्तरं या घराच्या भिंतींना दिली आहेत, ओसोला दिली आहेत, एकदा पेट्रोल पंपावर मोठ्याने दिली आणि शेजारच्या बाईने काच वर केली. तू म्हणालास ते मला पटत नाही. पण ते खोटं आहे असंही मला त्या वेळी म्हणता येत नव्हतं. माणसाने अशा वेळी बसावं कसं, सांग मला.

तरी मी काम सोडलं नाही. तू याच्यावरून मला आणखी काही म्हणाला असशील. पण दोघींचं घर चालवायचं होतं, आणि दर रविवारी पूल ओलांडून अमाकडे गेले की ती एर्मिनियामावशीच्या मागच्या खोलीत बसलेली, रेडिओ लावलेला. आमचा रेडिओ नदीपलीकडे स्वच्छ ऐकू येतो. मी स्टुडिओत तोंड उघडलं की ती ऐकत असणार, एवढंच मला धरून ठेवायला पुरेसं होतं.

मग राष्ट्राध्यक्ष इथे येणार असं जाहीर झालं. सभा बेसबॉलच्या मैदानावर, व्यासपीठावर त्यांच्या शेजारी दुभाषी म्हणून मी. किरोगाबाई म्हणाल्या, "नवीन बूट घे, पाय दिसणार आहेत." मी बूट घेतले आणि मनात एकच गोष्ट ठरवली, या माणसाला अमाबद्दल सांगायचं. काय मागायचं ते ठरवलं नव्हतं. नुसतं सांगायचं होतं. सभेआधी खेळाडूंच्या खोलीत त्यांची माझी भेट करून दिली. लिंबू पिळलेलं गरम पाणी पीत बसले होते. मला बघून उठले. "तर तुम्ही म्हणजे मी," असं म्हणून हसले. "लोक सांगतात, स्पॅनिशमध्ये मी जास्त बरा माणूस वाटतो." मीही हसले, आणि हसता हसताच सगळं सांगून टाकलं. चाळीस वर्षं, इस्त्री, निळा झगा, बिस्किटांचा डबा, पूल. त्यांनी कप खाली ठेवला. माझे दोन्ही हात हातात घेतले. त्यांचे डोळे भरून आले, खरोखर भरून आले, मी अगदी जवळून पाहिलं. "अंपारो," ते त्याच खालच्या आवाजात म्हणाले, "नदीच्या एका काठाला आई आणि दुसऱ्या काठाला मुलगी, हे माझ्या हातात असतं ना, तर मी..."

आणि थांबले.

मी वाट पाहत राहिले. इतकी वर्षं त्यांच्या वाक्याच्या टोकाशी वाट पाहण्याचाच पगार घेतला होता मी. तेवढ्यात कुणीतरी दार उघडून म्हणालं, "सर, वेळ झाली," त्यांनी माझा हात दाबला आणि निघाले. ते नाटक असतं तर मला आज असं घरभर फिरावं लागलं नसतं, मिरो. नाटक नव्हतं. ते चार भिंतींतही तसेच बोलतात. घरी बायकोकडे मीठ तरी पुरं वाक्य बोलून मागतात की नाही, कोण जाणे.

व्यासपीठावर ऊन असं होतं की माइकची दांडी हाताला चटका देत होती. त्यांनी माइक खाली ओढला, मंडळींना खुर्च्या जवळ ओढायला सांगितलं, आणि लोक हसले, कारण खुर्च्या एकमेकींना बांधलेल्या होत्या. आई आली, पिठाचे हात आले. मी सांगत गेले. आणि मग ते म्हणाले, "आजच, इथे, या गावातल्या एका मुलीने मला तिच्या आईची गोष्ट सांगितली." माझ्या तोंडाने ते वाक्य स्पॅनिशमध्ये सांगितलं. माझ्या डोक्याला ते मागून कळलं. त्यांनी सगळं घेतलं होतं. झगा, डबा, बिस्किटं. आणि किती सुंदर सांगत होते! माझ्यापेक्षा कितीतरी सुंदर. मी 'बिस्किटांचा डबा' म्हटलं होतं. ते म्हणाले, "ज्या लोकांना ती घाबरत होती, त्यांच्यासाठी तिने पहाटे उठून बिस्किटं भाजली." पुढच्या रांगेतली बाई रडायला लागली. दुभाष्याने 'मी' म्हटलं की तो 'मी' बोलणाऱ्याचा असतो, हे तर तुला माहीत आहे. म्हणून मी माझ्याच आईची गोष्ट त्यांची म्हणून सांगत होते, "मला त्या मुलीने सांगितलं, माझ्या डोळ्यांत पाणी आलं," असं. आवाज कापला नाही. सवय होती. मग ते म्हणाले, "आणि मी त्या मुलीचे हात हातात घेतले, आणि मी तिला म्हणालो..."

आणि थांबले.

सगळं मैदान थांबलं. मला दिसत होतं की प्रत्येक जण मनात वाक्य पुरं करतोय, आणि प्रत्येकाच्या वाक्यात अमा घरी परत येतेय. माझा माइक चालू होता. मी म्हटलं, "ते काहीच म्हणाले नाहीत. ती मुलगी मी आहे." एवढंच. मोठ्याने नाही, रागाने नाही, ज्या आवाजात बाकीचं सांगत होते त्याच आवाजात. त्यामुळे आधी कुणाला कळलंच नाही. लोकांना वाटलं राष्ट्राध्यक्षच काहीतरी बोलतायत. मग डावीकडून, जिथे आपली माणसं बसली होती तिथून, एक कुजबुज उठली आणि मैदानभर पसरली. इंग्रजी समजणारे अजून टाळ्या वाजवत होते. कुणीतरी पुढे वाकून राष्ट्राध्यक्षांच्या कानात सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. किंचित हसले, माइकशी वाकले आणि म्हणाले, "पाहिलंत? ही माझ्यापेक्षा कमी शब्दांत बोलते." सगळे हसले. तेही मी भाषांतर केलं. मग ते गव्हाकडे वळले. व्हिडिओत हा शेवटचा भाग कुणी ठेवलेला नाही, म्हणून तुला सांगितलं.

किरोगाबाईंनी मला मैदानाबाहेर गाडीत बसवलं आणि हेडफोन परत मागितला. "मी तुला वाचवू शकत नाही," त्या म्हणाल्या, "आणि खरं सांगू, मला वाचवायचंही नाही. दुभाष्याने एकदा स्वतःचं बोललं की आधीचं सगळं कुणाचं होतं, असं लोक विचारतात. तू मला ते विचारायला लावलंस." त्या चुकीचं बोलल्या नाहीत. मी हेडफोन दिला.

रविवारी अमाकडे निघाले तेव्हा मनात कुठेतरी वाटत होतं की ती जवळ घेईल. तिने दारातच धरलं. "पाहुण्याचं बोलणं भर चौकात तोडलंस?" म्हणाली. "आणि माझी गोष्ट त्याला सांगायच्या आधी मला विचारलंस का? सगळं गाव माझ्या बिस्किटांवर रडलं. मला बाजारात जायची लाज वाटते. पहाटे उठून भाजली म्हणे! आदल्या दिवशी दुपारी भाजली होती." एर्मिनियामावशी मागे उभी राहून हसू दाबत होती. मी बटाटे सोलत बसले.

त्याच आठवड्यात दुसऱ्या पक्षाचा माणूस घरी आला. तरुण, चांगला पोशाख, बोलायला गोड. म्हणाला, "राज्यभर सभा घेऊ, तुम्ही फक्त तुमचं सत्य सांगायचं." सत्य त्याने लिहूनच आणलं होतं. 'माझ्या आईने एका माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला' अशी सुरुवात. कुठे थांबायचं तिथे त्याने रेघा मारल्या होत्या. मी कागद हातात घेतला आणि मला कळलं की मी तो मनात स्पॅनिशमध्ये सांगायलाही लागले होते, त्याच खालच्या आवाजात. त्याला म्हटलं, या वेळी मला आधी आईला विचारायला हवं.

मागच्या रविवारी तो कागद अमाला वाचून दाखवला. ती इस्त्री करत होती. पहिलंच वाक्य ऐकून तिने मान वर केली. "कुणी ठेवला विश्वास? मी? त्याच्या शब्दावर?" आणि हसायला लागली. "अंपारो, चाळीस वर्षं या लोकांत काढली मी. मी काय खुळी आहे?" मी म्हटलं, "मग माझ्या आवाजामुळे गेलीस?" ती म्हणाली, "तुझा आवाज चांगला आहे गं, पण एवढाही नाही." मी म्हटलं, "मग का गेलीस, अमा?" तिने इस्त्री उभी करून ठेवली. बराच वेळ शर्टाची कॉलर बोटांनी सरळ करत राहिली. मग म्हणाली, "फोनवर बाळाचा वास येत नाही."

तुझी मारिबेल, मिरो. जानेवारीत झाली. तू फोनवर दाखवलीस, अमा फोन नाकाशी धरून बघायची आणि तू हसून म्हणायचास, अमा, लांब धर, तुझं नाकच दिसतंय. आपल्याला हे कधी सुचलंच नाही. कॉर्पसला जाणाऱ्या हमरस्त्यावर तो तपासनाका आहे. तू आणि मी गाणी लावून तिथून जातो, काच खाली करतो, 'नागरिक' म्हणतो आणि सुटतो. ती तो नाका कधीच ओलांडू शकली नाही. तुझ्या आणि डेनिसच्या लग्नाला आली नाही तेव्हा गुडघे दुखतात म्हणाली, आणि आपण दोघांनी तिला मलम आणून दिलं. "तो माणूस मधेच थांबला ना," ती मला म्हणाली, "मला वाटलं, विचारून तर बघू. फार तर नाही म्हणतील. हो म्हणाले तर बसने कॉर्पसला जाईन, तिला न्हाऊ घालीन आणि परत येईन. एवढंच मनात होतं." मग मला दम दिला, "मिरोला सांगू नकोस. तो स्वतःला खात बसेल. तुझ्यावर रागावलाय तेच बरं आहे, राग उतरतो." मी म्हटलं, "आणि माझं काय, अमा?" तर म्हणाली, "तू मोठी आहेस." आणि पुन्हा इस्त्री उचलली.

तेव्हापासून माझा पाय ठरत नाही. तिचा राग येतो, की इतके महिने माझ्यावर हे ओझं ठेवून ती शांतपणे इस्त्री करत राहिली. मग तिचं बरोबर वाटतं. मग तुझा राग येतो. मग तू दारात उभा होतास तो चेहरा आठवतो आणि वाटतं, तुला हे न कळलेलंच चांगलं. पक्षवाल्याला नाही म्हणून कळवलं. त्याच्या कागदात एकही वाक्य खोटं वाटत नव्हतं, फक्त त्यातली बाई अमा नव्हती. माझ्यापुरता हिशेब मिटला. पण तुला लिहू की नको, यावर आठवडा घालवला, आणि आज सकाळी तिचा शब्द मोडायचं ठरवलं. तिला तसं सांगूनही टाकणार आहे.

कारण असं आहे, मिरो. तिला परत आणायचा अर्ज मी केलाय. वकीलबाई म्हणतात, वर्षं लागतील, कदाचित बरीच. तोवर मारिबेल चालायला लागेल, बोलायला लागेल, शाळेत जाईल. अमा इकडे येऊ शकत नाही, पण आपण तिकडे जाऊ शकतो. तू एकदाही गेला नाहीस, कारण रविवारी तिथे मी असते. हवं तर मी येणार नाही. तू सांगशील त्या दिवशी मी घरीच थांबेन. मला क्षमा कर असं मी म्हणणार नाही, आणि तुलाही म्हणायला लावणार नाही, कारण बाळ झालं हा काही कुणाचा गुन्हा नव्हे. फक्त ये. डेनिसला आणि मारिबेलला घेऊन ये. पूल ओलांडला की डावीकडची तिसरी गल्ली, मावशीचं फाटक हिरवं आहे, बाहेर इस्त्रीचे कपडे टांगलेले असतात. सकाळी या, म्हणजे ऊन तापायच्या आत तिला बाळाला न्हाऊ घालता येईल. तिने टब आणून ठेवलाय, मावशीला सांगितलंय की कपडे भिजवायला आहे. आणि मारिबेलचा जन्माचा दाखला आठवणीने बरोबर घे. जाताना कुणी विचारत नाही, परत येताना विचारतात.

तुझीच,
अंपारो